वरच्या साहेबांस राहात्याहून दंडवत

प्रति,
परमआदरणीय, सर्वाधिकारसंपन्न, निर्णयधुरंधर वरचे साहेब यांच्या सेवेशी,

विषय : आमच्या चारीला पाणी कधी सुटावे, या क्षुल्लक बाबीत आपण जातीने लक्ष घालत असल्याबद्दल आभार.

महोदय,

मी राहाता तालुक्यातला पेरूबागायतदार. गोदावरी उजव्या कालव्याच्या एका चारीवर, अगदी टेलाला, म्हणजे शेवटच्या टोकाला, माझी बाग आहे. आपली-माझी गाठ पडण्याचा योग आजवर आला नाही. पाटबंधारे खात्याच्या शाखेत गेलो तर म्हणाले, उपविभागात विचारा. उपविभागात म्हणाले, विभागात विचारा. विभागात मोठ्या अदबीने सांगण्यात आले, वरून आदेश आला की कळवू. म्हणून हे पत्र उघडेच लिहितो आहे. कुठल्या तरी मजल्यावर आपल्या हाती पडेलच.

प्रथम आपल्या श्रमांबद्दल कृतज्ञता. दारणा आणि गंगापूर धरणांतून पाणी सुटायचे, नांदूर मधमेश्वरच्या बंधाऱ्यात यायचे, तिथून उजव्या कालव्याने कोपरगावच्या रानातून राहात्यात उतरायचे. एवढ्या लांबच्या प्रवासाचा शेवटचा वाफासुद्धा आपण नजरेआड होऊ देत नाही. हा कालवा इंग्रजांच्या काळातला, शंभरी ओलांडलेला. त्या काळी कालव्यांच्या काठाने खात्याचे बंगले बांधले जात, साहेबाने येऊन मुक्काम करावा आणि पाणी डोळ्यांनी बघावे म्हणून. आपण ती तसदी वाचवलीत. मुंबईतल्या बैठकीत आमच्या पाण्याची तारीख ठरते आणि आम्हाला ती वर्तमानपत्रात वाचायला मिळते.

साहेब, आमच्या पेरूला मात्र वर्तमानपत्र वाचता येत नाही. मृग बहार धरायचा तर झाडाला आधी ताण द्यावा लागतो. पाणी तोडायचे, रान तापू द्यायचे, आणि पाने पिवळी पडून गळायला लागली की ओळखायचे, आता पुरे. मग चाळणी करायची, आळी बांधायची, खत घालायचे आणि पहिले पाणी द्यायचे. ते पाणी वेळेवर पडले तर फुटव्याफुटव्याला कळी दिसते. लांबले तर झाड सुकते, कोवळ्या काड्या जळतात. ताण पुरा होण्याआधीच आले तर बाग नुसती पाल्यावर जाते. शिवाय मुरमाड रानातली बाग लवकर ताणावर येते, काळ्या रानातली उशिरा. एकाच चारीवर, एकाच बांधाच्या अलीकडे-पलीकडे पाण्याचे दिवस वेगळे असतात.

हे पान न बघता आपल्याला कळते, याबद्दल आमच्या मनात अपार आदर आहे. आमच्याकडचा सरदार पेरू म्हणजे एल-४९. त्याची निवड पुण्यात गणेशखिंडच्या संशोधन केंद्रात डॉ. चीमांनी केली. त्यांनी जात निवडून दिली, लागवडीची शिफारस केली, पण कोणाच्या बागेचा ताण कधी तोडायचा हे ज्याच्या त्याच्यावर सोडले. एवढ्या मोठ्या शास्त्रज्ञाला जे जमले नाही ते आपण करून दाखवत आहात.

नमुना नंबर ७ बद्दलही मनापासून धन्यवाद. आवर्तनाआधी, म्हणजे कालव्याला पाणी सुटण्याआधी, पाणी अर्ज भरायचा, त्यात गट नंबर, पीक, क्षेत्र लिहायचे, थकबाकी नाही हे दाखवायचे. पाणी किती मिळेल, किती पाळ्या होतील हे मात्र अर्ज भरून झाल्यावर कधीतरी कळते. म्हणजे पीक आम्ही आधी ठरवायचे आणि पाणी आपण नंतर ठरवायचे. उन्हाळ्यात तीन पाळ्या धरून घास केला आणि एकच मिळाली, तर नुकसान आमचे. निर्णय आपला. ही वाटणी इतक्या वर्षांत एकदाही चुकलेली नाही.

आता एक गोष्ट आपल्या कानावर घालतो. आमच्या चारीच्या तोंडाशी लोखंडी गेट आहे. मागे एका उन्हाळी आवर्तनात त्याचा आटे पाडलेला दांडा वाकला आणि गेट अर्धे उघडे अडकून बसले. रात्रभर पाणी भसाभसा चारीत. हेडच्या दोन रानांत गुडघाभर पाणी साचले, भराव एका जागी खचला आणि उरलेले सगळे ओढ्याला गेले. टेलाला आम्ही दारे धरायला बॅटऱ्या घेऊन उभे होतो. आमच्यापर्यंत आला तो ओलसर गाळ. सकाळी गावातला वेल्डर आला, गेटभोवती एक फेरी मारली आणि म्हणाला, दांडा काढून द्या, दुपारपर्यंत सरळ करून बसवतो. पैसेही आम्हीच देणार होतो.

पण सरकारी गेटाला हात लावणे हा गुन्हा, हे आपल्या कृपेने आम्हाला ठाऊक आहे. म्हणून शाखेतल्या साहेबांना बोलावले. तरुण मुलगा, शिकलेला, मोटारसायकलवरून लगेच आला. भरावावर उकिडवा बसून त्याने गेट नीट पाहिले. दोष काय आहे ते त्याला आमच्याआधी कळले. मग उभा राहिला, कपाळाचा घाम पुसला आणि खाली बघत म्हणाला, “मला दिसतंय हो काका, पण माझ्या अधिकारात नाही. अंदाजपत्रक वर पाठवतो.” त्याने ते पाठवले. मंजुरी आली तेव्हा आवर्तन संपून कालवा कोरडा पडला होता. कोरड्या कालव्यात लोखंडाचे काम सोपे जाते, हा विचार आमच्या डोक्यात आलाच नसता.

त्या मुलाची आठवण अजून जात नाही. त्याच्याजवळ पदवी होती, डोळा होता, कळकळ होती. फक्त एक दांडा सरळ करायची मुभा नव्हती. अशी चार-सहा वर्षे गेली की माणूस गेट बघायला खाली बसतसुद्धा नाही. दुरूनच सांगतो, वर पाठवू. आणि मग आपण म्हणता, खालचे लोक जबाबदारी घेत नाहीत, म्हणून सगळे अधिकार वर ठेवावे लागतात. साहेब, जबाबदारी घेण्याची त्यांची सवय आपणच मोडलीत. आपल्या हाताखालची चांगली माणसे अशी वाया जातात, याचे दुःख पाण्याच्या दुःखाहून कमी नाही.

कायदा करण्यातली आपली तत्परता मात्र वादातीत. २००५ साली आपण दोन मोठे कायदे केलेत. एकाने जलसंपत्ती नियमन प्राधिकरण आले. दुसरा महाराष्ट्र सिंचन पद्धतीचे शेतकऱ्यांकडून व्यवस्थापन अधिनियम. हा दुसरा मी दोनदा वाचला, आणि खरे सांगतो, वाचताना छाती भरून आली. चारीच्या तोंडाशी पाणी मोजून पाणी वापर संस्थेच्या हवाली करायचे. त्यापुढे कोणते पीक घ्यायचे, कोणाची पाळी कधी, कमी पडले तर कोणी किती सोसायचे, हे संस्थेने ठरवायचे. पाणीपट्टीही संस्थेनेच गोळा करायची. संचालक मंडळात हेड, मध्य आणि टेल तिन्हींना सारख्या जागा. टेलाच्या माणसाला कायद्याने खुर्ची दिली, याहून मोठा उपकार कोणता?

आमच्या चारीवरही संस्था झाली. नोंदणी झाली, शिक्का बनला, फलक लागला, नारळ फुटला. एवढे झाल्यावर पाणी मोजायची सोय करायची होती आणि चारी दुरुस्त करून ताब्यात द्यायची होती. त्यासाठी संयुक्त पाहणी व्हायची होती. तिचा आदेश वरून यायचा आहे. तोवर शिक्का कपाटात आहे आणि पाणी आपल्या हुकमात आहे. आमच्या हाती कारभार देण्याचा निर्णयही आपल्याच हाती राहिला, हे आपल्या कर्तृत्वाला साजेसेच झाले.

क्षमा असावी, पण नाशिक जिल्ह्यात आपली नजर थोडी कमी पडली. दिंडोरी तालुक्यातले वाघाड धरण. त्याच्या टेलाला ओझर. तिथल्या शेतकऱ्यांच्या नशिबी धरण होऊनही पाणी नव्हते. समाज परिवर्तन केंद्राचे बापू उपाध्ये आणि भरत कावळे यांनी गावोगाव बैठका घेतल्या आणि नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला टेलाकडून पाणी वापर संस्था उभ्या केल्या. आधी तीन, मग होता होता चोवीस. पुढे सगळ्या संस्था मिळून प्रकल्पाचाच कारभार पाहू लागल्या. पावसाळा सरला की धरणातला साठा बघायचा, संस्थांची माणसे एकत्र बसवायची, रब्बीला किती आणि उन्हाळ्याला किती ते ठरवायचे, आणि तारखा आधीच सांगून टाकायच्या. पाणी मोजून मिळते हे कळल्यावर शेतकरी द्राक्षाकडे, ठिबककडे वळले. पाणी तेवढेच, शेतकरी तेच, खातेही तेच. ठरवायची जागा तेवढी बदलली होती.

वाघाडला हे जमले, तर इथे का जमू नये, असे उद्धट प्रश्न आमच्या पोरांच्या मनात येतात. त्यांची समजूत घालून आम्ही थकलो.

आणि हे काही नवे खूळ नाही. धुळे जिल्ह्यात पांझरेच्या काठी आपल्याआधी काहीशे वर्षे फड पद्धत चालत आली. बंधाऱ्याखालच्या रानाचे फड पाडायचे, एका फडात एकच पीक घ्यायचे, पाटकरी, हवालदार, जागल्या गावाने नेमायचे आणि त्यांचे मानधन धान्यात द्यायचे. दुष्काळ पडला तर एखादा फड पडीक ठेवायचा, पण त्यात ज्याच्या त्याच्या जमिनीचा तुकडा असल्यामुळे तोटा सगळ्यांना वाटून जायचा. ही अक्कल कोणत्याही परिपत्रकातून आली नव्हती.

आमच्या शेजारी शिर्डीत गुरुवारी पालखी निघते. त्याच वारी तिकडे स्पेनमधल्या व्हॅलेन्सियात, मोठ्या चर्चच्या दरवाजाबाहेर, दुपारी बाराला पाण्याचे न्यायालय भरते. आठ कालव्यांचे आठ शेतकरी, शेतकऱ्यांनीच निवडलेले, काळे झगे घालून गोल बसतात. कोणी कोणाची पाळी मारली, कोणी चारी साफ केली नाही, याचा निवाडा तिथल्या तिथे, तोंडी होतो. शेकडो वर्षे चालू आहे. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी असल्याच कारभारांचा जन्मभर अभ्यास केला. नेपाळमध्ये त्यांना आणि त्यांच्या सहकाऱ्यांना दिसले की शेतकऱ्यांनी चालवलेल्या साध्या, मातीच्या पाटांवर टेलाला जेवढे पाणी पोचते, तेवढे सरकारने बांधलेल्या पक्क्या कालव्यांवर बहुधा पोचत नाही. २००९ साली त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. बाईंनी आमच्या टेलाला कधी पाय ठेवला नव्हता, पण आमचे दुखणे त्यांना अचूक कळले होते.

इतक्या लांब तरी कशाला जायचे? लोणी आमच्याच तालुक्यात आहे. तिथे विठ्ठलराव विखे पाटलांनी शेतकऱ्यांना गोळा केले, धनंजयराव गाडगीळांसारख्या अर्थशास्त्रज्ञाला अध्यक्षपदी बसवले आणि १९५० साली साखर कारखाना उभा केला. सहकाराचा नियम एकच होता, एका सभासदाला एक मत, मग त्याचा ऊस दोन एकर असो की वीस. पागोटी घातलेल्या कुणब्यांना बॉयलर आणि टर्बाइन काय कळणार, असे म्हणणारे तेव्हाही कमी नसतील. कारखाना चालला. सत्तर-पंचाहत्तर वर्षांनी त्या कुणब्यांच्या नातवंडांना चारीचे एक गेट झेपणार नाही, असे आपण ठरवले आहे. पिढ्यांनी एवढी अधोगती केली असेल तर त्याचे कारण तरी शोधावे.

आपला युक्तिवाद मला पाठ आहे. खाली अधिकार दिले तर भांडणे होतील, बडे बागायतदार दादागिरी करतील, हेडवाले टेलाला पाणी सोडणार नाहीत. खरे आहे. माझ्याच चारीवरची माणसे मी ओळखतो, ती संत नाहीत. पण आज आपल्या थेट देखरेखीखाली कालव्यात डोंगळे पडत नाहीत का? रात्री भरावावरून पाइप टाकून पाणी ओढले जाते, ते अख्ख्या चारीला माहीत असते. तक्रार करून उपयोग काय, कारवाईचा आदेश वरून यायचा. पाणी मोजून आमच्या ताब्यात असते तर तो डोंगळा माझ्या वाट्याच्या पाण्यात पडला असता, आणि मी, माझा भाऊ, पलीकडचा मळेवाला, कोणीच रात्रभर स्वस्थ झोपलो नसतो. चोराला साहेबाची भीती कमी आणि शेजाऱ्याची जास्त असते. तरीही दांडगाई होईलच. तेव्हा दाद मागायला वर कोणीतरी हवेच. त्यासाठी आपण जरूर राहा.

किंबहुना काही निर्णय आपण वरच घेतले पाहिजेत, आणि हे मी कोणतीही खुशामत न करता लिहितो आहे. नदीचा वाटा वर ठरावा. नाशिक-नगरच्या धरणांनी जायकवाडीला किती सोडायचे, हे राहात्याने ठरवायचे म्हटले तर पैठणला थेंब जाणार नाही. जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाने २०१४ मध्ये ६५ टक्के साठ्याचे सूत्र घालून दिले. पंधरा ऑक्टोबरला जायकवाडीत तेवढे पाणी नसेल तर वरच्या धरणांतून सोडायचे. आमच्याकडे त्यावर मोर्चे निघाले, रस्ते अडले, कोर्टकचेऱ्या झाल्या. मला ते पाणी जाताना वाईट वाटले. पण आमच्या हिशेबाने तेही टेलाचेच शेतकरी आहेत. हेडवाल्याच्या मर्जीवर जगणे काय असते हे मला कोणी शिकवायला नको. तिथे पंच लागतो, आकडे लागतात, कायदा लागतो. ते काम फक्त आपल्यालाच करता येते.

म्हणून तर जीव तुटतो, साहेब. जे काम फक्त आपल्याला जमते, ते कोर्टात वर्षानुवर्षे लोंबते, आणि जे आमच्या वेल्डरला जमते त्यावर आपली सही अडते. खोऱ्याचा वाटा वेळेत ठरवा, कालव्याला किती पाणी ते हंगामाच्या तोंडावर जाहीर करा, चारीशी मोजून द्या. चारीच्या आतले आम्हाला सोडा. आळ्यापर्यंत येण्याची आपण तसदी घेऊ नये.

सवय एकदा लागली की सुटत नाही, हेही समजू शकतो. घटनेत ७३वी आणि ७४वी दुरुस्ती झाली, पंचायती आणि नगरपरिषदांच्या निवडणुका पाच वर्षांची मुदत संपण्याआधी झाल्या पाहिजेत असे लिहिले गेले. तरीही आमच्या जिल्हा परिषदेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपल्यावर वर्षानुवर्षे प्रशासक. नगरपरिषदेची निवडणूक व्हायला डिसेंबर २०२५ उजाडला. एवढा काळ गटारीच्या तक्रारीसाठीही आम्हाला निवडून दिलेला माणूस नव्हता. कारणे होती, खटले होते, सारे मान्य. पण त्या काळात वर कोणाचे काही अडल्याचे ऐकिवात नाही.

आता एवढेच मागणे. आमच्या संस्थेची संयुक्त पाहणी करून चारीच्या तोंडाशी मोजमापाची सोय करावी. किरकोळ दुरुस्तीचे अधिकार शाखेतल्या त्या मुलाला द्यावेत, आणि त्याचे काही चुकले तर त्याला सांभाळून घ्यावे. आवर्तनाच्या तारखा हंगामाआधी लेखी द्याव्यात, आणि त्या बदलाव्या लागल्या तर बदलण्याआधी आम्हाला विचारावे, नंतर कळवू नये.

सध्या आमच्या बागा ताणावर आहेत. मुरमाडातल्या बागेची पाने गळायला लागली आहेत, काळ्या रानातली अजून आठवडाभर दम धरील. या आठवड्यात तारीख कळली तर आळी कधी बांधायची, मजूर कधी सांगायचे, खत कधी आणायचे हे आमचे आम्ही बघू. आणि पाणी आल्यावर आधी मुरमाड भरायचे की काळे, तेवढे कृपया आम्हाला ठरवू द्यावे.

कळावे, लोभ आहेच, तो थोडा कमी केलात तरी चालेल.

आपला आज्ञाधारक,
टेलाचा एक पेरूबागायतदार,
ता. राहाता, जि. अहिल्यानगर